घोट्याचं लिगामेंट फाटलंय? ऑपरेशनचा निर्णय, आणि त्यानंतरचे सहा महिने

घोटा मुरगळणं हे आपण आजारात मोजतच नाही. दोन दिवस लंगडायचं, बर्फ लावायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि कामाला लागायचं. बहुतेकांचं त्यावर भागतंही. काहींचा घोटा मात्र त्यानंतर भरवशाचा राहत नाही. सपाट रस्त्यावर काही कारण नसताना पाय आत मुडपतो, उतारावर किंवा खडीवर नजर सतत पायाखाली ठेवावी लागते, आणि एकेक खेळ, एकेक वाट आपोआप सुटत जाते. ऑपरेशन करावं का, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे किंवा ज्यांची तारीखही ठरली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगायला हवी. घोटा निसटण्याची कारणं दोन असतात. एक, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, सैल पडल्यामुळे हाडं जागेवर धरली जात नाहीत. दुसरं, घोटा वळायला लागल्यावर त्याला सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात. लिगामेंट म्हणजे नुसता पट्टा नाही. सांधा कुठे आणि किती वळला आहे ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं त्यात असतात, आणि दुखापतीत तीही बिघडतात. सर्जन फक्त पहिलं कारण दुरुस्त करू शकतो. दुसरं ज्याचं त्यालाच, व्यायामाने, सावकाश दुरुस्त करावं लागतं. ऑपरेशन उत्तम होऊनही घोटा कच्चा राहिल्याच्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या दुसऱ्या कारणाकडे काणाडोळा केल्याच्या असतात.

## फाटतं ते नेमकं काय

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे उंच हाड हाताला लागतं, ते फायब्युला या बारीक हाडाचं खालचं टोक. तिथून तीन लिगामेंट निघतात. पुढचं लिगामेंट टॅलस या पावलाच्या हाडाला जातं, मधलं खाली टाचेच्या हाडाला, आणि तिसरं मागच्या बाजूने पुन्हा टॅलसला. उडीवरून उतरताना किंवा पायरी चुकल्यावर पंजा खाली झुकलेला असतो आणि पाऊल आत वळतं. त्या क्षणी ताण आधी पुढच्या लिगामेंटवर येतो, म्हणून बहुतेक वेळा तेच फाटतं. जोर जास्त असेल तर मधलंही जातं. मागचं सहसा शाबूत राहतं. रिपोर्टमध्ये पुढच्याला एटीएफएल आणि मधल्याला सीएफएल म्हणतात. ही दोन नावं माहीत असली तर रिपोर्ट वाचायला बराच सोपा जातो.

घोट्याच्या आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट जाड आणि दणकट असतं. ते एकटं क्वचितच फाटतं, बहुधा हाड मोडण्याच्या जोडीने फाटतं. आणखी एक दुखापत वेगळी ओळखावी लागते. नडगीचं हाड आणि फायब्युला यांना घोट्याच्या जरा वर एकत्र बांधणारी लिगामेंट असतात, त्या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. पाऊल जमिनीवर रोवलेलं असताना शरीर फिरलं आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पिळलं गेलं, तर हा जोड उसवतो. दुखणं घोट्याच्या वरच्या भागात असतं, सूज मात्र फसवी, कमीसुद्धा असू शकते. दोन हाडांत फट पडली असेल तर इथे थांबून चालत नाही. स्क्रूने किंवा दोन बटणांमधल्या मजबूत दोऱ्याने हाडं पुन्हा एकत्र आणावी लागतात. यातून सावरायला साध्या मुरगळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पुढचा सगळा मजकूर मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटबद्दल आहे, कारण ऑपरेशनपर्यंत पोचणारे बहुतेक लोक त्याच दुखापतीचे असतात.

## ऑपरेशनच्या आधीचा प्रश्न

घोटा आत्ताच मुरगळला असेल तर पहिला प्रश्न लिगामेंटचा नसून हाडाचा असतो. यासाठी जगभर वापरला जाणारा एक साधा नियम कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडला. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, किंवा त्या टोकावरच दाबल्यावर हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तरीही काढायचा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाडही दाबून पाहतात.

दुखापतीच्या तीन श्रेणी सांगतात: पहिलीत लिगामेंट ताणलेलं असतं, दुसरीत अर्धवट फाटलेलं आणि तिसरीत पूर्ण. ‘पूर्ण फाटलं’ हे शब्द ऐकले की माणूस घाबरतो आणि ऑपरेशनची चौकशी सुरू करतो. पण तिसरी श्रेणी म्हणजे आपोआप ऑपरेशन नव्हे. पूर्ण फाटलेली लिगामेंटही व्रण धरून बऱ्यापैकी भरून येतात, आणि योग्य व्यायामाने बहुतेक घोटे ऑपरेशनशिवाय कामाचे होतात. म्हणून सर्वसाधारण रीत अशी की आधी तीन ते सहा महिने नीट पुनर्वसन करायचं, आणि त्यानंतरही घोटा निसटत असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार करायचा. याला अपवाद आहेत. सिंडेस्मोसिस उसवलेलं असणं, लिगामेंटबरोबर हाडाचा मोठा तुकडा निघालेला असणं किंवा सांध्यात कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत, मऊ थराचा) तुकडा सुटलेला असणं हे त्यातले मुख्य. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या बाबतीतही काही सर्जन लवकर दुरुस्ती सुचवतात.

‘नीट पुनर्वसन’ म्हणजे काय, इथेच गाडी अडते. ‘फिजिओथेरपी करून झाली, उपयोग नाही’ असं सांगणाऱ्याला काय केलंत विचारलं, तर अनेकदा उत्तर येतं: दहा दिवस मशीनचा शेक घेतला. शेकाने बरं वाटतं, पण स्नायू ना मजबूत होतात ना चपळ. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. घोटा बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचे, म्हणजे पेरोनियल स्नायूंचे, रबरी पट्ट्याने जोर लावून व्यायाम काही आठवडे सलग केले का? एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, रोज केला का? एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतकं जमतं का? उत्तरं ‘नाही’ असतील तर आधी ते करा. एवढं करूनही ऑपरेशन लागलंच, तर हे कष्ट फुकट जात नाहीत. बळकट पाय घेऊन टेबलावर गेलेला माणूस लवकर सावरतो.

## तपासणीत काय निसटता कामा नये

सर्जन हाताने दोन मुख्य चाचण्या करतात. टाच धरून पाऊल पुढे ओढून पाहतात, आणि टाच आत कलवून सांधा किती उघडतो ते बघतात. दोन्ही घोटे तपासले पाहिजेत, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात आणि तुलना नसेल तर आकडा काहीच सांगत नाही. कधी हाच ताण देऊन एक्स-रे काढतात.

एमआरआय उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. तो झोपलेल्या, स्थिर पायाचा फोटो असतो. लिगामेंट फाटलंय का, कूर्चेला इजा आहे का, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या चिरल्यात का, हे तो दाखवतो. घोटा चालताना डगमगतो का, हे दाखवत नाही. रिपोर्टमध्ये ‘फाटलेलं’ असूनही ज्यांना काहीही त्रास नाही अशी माणसं असतात. ऑपरेशन तक्रारीसाठी करायचं असतं, रिपोर्टसाठी नाही.

याहून महत्त्वाच्या चार गोष्टी आहेत. त्या बघितल्या नाहीत तर चांगली दुरुस्तीही पुन्हा सैल होऊ शकते.

पहिली, टाचेचा आकार. मागून पाहिल्यावर टाच आत झुकलेली आणि पावलाची कमान उंच असेल, तर प्रत्येक पावलागणिक घोटा आत ढकलला जातो. नवं लिगामेंट शिवलं तरी त्यावर रोज तोच ताण येणार. अशा पायात टाचेचं हाड कापून जरा बाहेर सरकवावं लागतं, कधी अंगठ्यामागचं हाडही सरळ करावं लागतं. उभं राहून मागून एक फोटो काढून घ्या आणि सर्जनला थेट विचारा: ‘माझी टाच सरळ आहे का?’

दुसरी, सगळ्याच सांध्यांचा सैलपणा. अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर-गुडघे उलटे वाकतात का, असं बघून ९ पैकी गुण देण्याची बेटन नावाची पद्धत आहे. गुण जास्त असतील तर स्वतःच्या सैल ऊतींनी केलेली दुरुस्ती पुरेशी ठरेलच असं नाही. जास्तीचा आधार किंवा ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून घेऊन बसवलेली ऊती, लागू शकतो.

तिसरी, बाहेरच्या उंचवट्यामागून जाणाऱ्या पेरोनियल दोऱ्या. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यात त्या उभ्या चिरल्या जातात. चौथी, टॅलसवरची कूर्चा. घोटा निसटत नसतानाही आत खोलवर दुखत असेल तर संशय तिच्यावर जातो. सैलपणा आणि दुखणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लिगामेंट घट्ट केल्याने कूर्चेचं दुखणं जात नाही. नुसतं दुखतं, निसटत मात्र कधीच नाही, असं असेल तर लिगामेंटच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी दुसरं मत घ्या.

## शस्त्रक्रिया कोणती

आजही पहिली पसंती असलेली पद्धत स्वीडिश सर्जन लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडली. फाटून लांबलेलं लिगामेंट आखूड करून पुन्हा त्याच्या मूळ जागी शिवायचं, इतकी ती सरळ आहे. १९८० मध्ये गूल्ड यांनी तिच्यात भर घातली. घोट्याच्या पुढच्या बाजूला स्नायूंच्या दोऱ्यांना दाबून धरणारा जो पडदा असतो, त्याची कड ओढून शिवणीवर बसवायची, म्हणजे दुरुस्तीला जोड मिळते. म्हणून कागदावर बहुधा ‘ब्रोस्ट्रॉम-गूल्ड’ असं लिहिलेलं दिसेल. शिवण्यासाठी फायब्युलात छोटे अँकर, म्हणजे हाडात रुतणारे खुंट, बसवतात, दोरा त्यांना बांधलेला असतो. हे काम साधारण ४ ते ५ सेंटिमीटरच्या छेदातून किंवा दुर्बिणीतून होतं. बऱ्याचदा सर्जन आधी दुर्बीण घालून सांधा आतून पाहतात आणि कूर्चेचं काही असेल तर त्याच वेळी निस्तरतात.

काही जणांत या शिवणीवर एक मजबूत कृत्रिम फीत घालतात. लिगामेंट भरून येईपर्यंत ताण तिने घ्यावा, हा हेतू. वजन जास्त असेल, सांधे सैल असतील किंवा खेळात लवकर उतरायचं असेल तर ती सुचवली जाते. ती फार घट्ट बसली तर घोटा आखडतो, हेही खरं. मूळ लिगामेंट शिवण्याजोगंच उरलं नसेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तर बहुधा मांडीमागच्या स्नायूची दोरी किंवा दात्याची ऊती घेऊन नवं लिगामेंट बनवतात.

जुन्या काही पद्धतींत पेरोनियल स्नायूचीच दोरी कापून ती लिगामेंटच्या जागी ओवत असत. घोट्याला सावरणारा स्नायूच खर्ची पडायचा, शिवाय टाचेचा सांधा आखडायचा. आता त्या सहसा पहिल्या फेरीत करत नाहीत. कुणी सुचवली तर कारण विचारा.

धोके मोठे नसले तरी सही करण्याआधी माहीत असावेत. छेदाच्या आसपास दोन संवेदनेच्या नसा असतात. त्यांना धक्का लागला तर पावलाच्या वरच्या भागावर किंवा बाहेरच्या कडेला बधिरपणा, झिणझिण्या येतात. बहुतेकदा त्या हळूहळू ओसरतात, सगळ्यांच्या नाही. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, घोटा आखडणं, काही वर्षांनी पुन्हा सैल पडणं, आणि क्वचित प्रमाणाबाहेर दुखत राहणारा, रंग-तापमान बदलणारा पाय, हे उरलेले धोके.

## तारीख ठरल्यावर

तंबाखू आणि सिगारेट बंद. जखम आणि लिगामेंट दोन्ही भरण्यासाठी रक्तपुरवठा लागतो आणि निकोटिन तोच आखडवतं. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी कधी गुठळी झाली असेल ते, औषधांची ॲलर्जी, हे सगळं सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला आपणहून सांगा. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कुबड्या ऑपरेशननंतर शिकायच्या नसतात. आठवडाभर आधी आणा आणि घरात चालून बघा. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं आणि भार तळहातांवर यायला हवा. काखेवर लोंबकळलं तर तिथल्या नसा दाबून हात बधिर होतात. मूठ मनगटाच्या उंचीला, कोपर किंचित वाकलेलं. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

घरातली तयारी छोटी आहे, पण तीच पडण्यापासून वाचवते. बिछान्यापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करा, सरकणारी पायपुसणी आणि तारा उचला, रात्रीचा दिवा लावा. अंघोळीसाठी घट्ट स्टूल आणि पाय झाकायला पाण्यापासून वाचवणारी पिशवी लागेल. दोन्ही हात कुबड्यांवर असताना पाण्याची बाटलीसुद्धा नेता येत नाही, म्हणून पाठीवरची छोटी सॅक जवळ ठेवा.

## ऑपरेशनचा दिवस

उपाशी राहण्याची वेळ रुग्णालय सांगेल. साधारणपणे जड नसलेलं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात. भूल मणक्यातून किंवा पूर्ण देतात, आणि बऱ्याचदा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पायाची नसही बधिर करतात. मांडीला पट्टा बांधून रक्तप्रवाह थोपवतात. नुसती दुरुस्ती असेल तर काम साधारण तास-दीड तासात आटोपतं. कोणत्या पायाचं ऑपरेशन आहे याची खूण तुमच्यादेखत व्हायला हवी.

नस बधिर केल्यामुळे पहिले बारा तास किंवा त्याहून जास्त काळ पाय दुखतच नाही आणि माणूस म्हणतो, ‘गोळी कशाला?’ मग मध्यरात्री भूल उतरते आणि कळ एकदम उसळते. म्हणून सांगितलेल्या वेळी गोळी घ्या, दुखायची वाट पाहू नका. पहिल्या रात्रीसाठी गजर लावला तर उत्तम. तोवर बधिर पायावर भार टाकायचा नाही.

## पहिले दोन आठवडे: पाय वर

या दोन आठवड्यांचं काम एकच, सूज कमी ठेवणं. सुजलेल्या कातडीवर टाके ताणले जातात आणि जखम उशिरा भरते. पाय अर्ध्या प्लॅस्टरमध्ये असतो. तो हृदयापेक्षा वर ठेवायचा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय यात मोजला जात नाही. आडवं व्हा, पोटरीखाली दोन उशा घ्या, टाच अधांतरी ठेवा म्हणजे तिच्यावर दाब येणार नाही. पहिले काही दिवस तासातली बहुतेक मिनिटं असंच राहावं लागतं. उठल्यावर पाय जांभळट होतो, ठणकतो. वर केल्यावर निवळत असेल तर काळजी नको.

पायाची बोटं हलवत राहा, गुडघा वाकवा-सरळ करा, मांडी आवळा, झोपून पाय सरळ वर उचला. प्लॅस्टर ओलं करू नका आणि खाजवायला आत काहीही घालू नका.

पुढील गोष्टी दिसल्या तर फोनवर वेळ मागत बसू नका, थेट जा: पाय वर ठेवून आणि गोळ्या घेऊनही वाढत जाणारी कळ, बोटं पांढरी-निळी किंवा गार पडणं, भूल उतरल्यावरही न जाणारा बधिरपणा, ताप, जखमेतून पू किंवा वास, पोटरीत घट्टपणा आणि दुखणं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते, तेव्हा तातडीची सेवा बोलवा.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात.

## दोन ते सहा आठवडे: भार येतो, वळण नाही

आता प्लॅस्टर जाऊन चालण्याचा बूट येतो. भार कधी टाकायचा हे सर्जनागणिक बदलतं. कुणी दोन आठवड्यांनी बुटात भार देऊ देतात, कुणी चार ते सहा आठवडे थांबवतात. कूर्चेचं किंवा हाडाचंही काम झालं असेल तर आणखी. शेजाऱ्याचं वेळापत्रक इथे चालत नाही, तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर काय लिहिलंय ते चालतं.

नियम मात्र सगळीकडे सारखा आहे: शिवलेल्या लिगामेंटला ताण देणारी दिशा टाळायची. म्हणजे पाऊल आत वळवायचं नाही आणि पंजा जोराने खाली झुकवायचा नाही. परवानगी मिळाल्यावर पंजा वर-खाली, मर्यादेत. ‘पायाने हवेत अक्षरं काढा’ हा घोट्याचा सर्वांना ठाऊक असलेला व्यायाम या टप्प्यावर करू नका, कारण त्यात पाऊल आत वळतंच. झोपेत पाऊल आपोआप आत वळतं, म्हणून बूट रात्रीही घालायला सांगतात. तो कधी काढायचा हे विचारून घ्या.

बुटाच्या जाड तळामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर दुखायला लागते. दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घातला तर हे टळतं. जखम पूर्ण बंद झाली, खपली पडली की व्रणावर बोटाने गोल मालिश सुरू करा. त्याने कातडी खाली चिकटत नाही आणि नसांचा हळवेपणाही कमी होतो.

## सहा ते बारा आठवडे: खरं काम

बूट जातो, बांधायचा ब्रेस येतो, आणि पाय आपला वाटत नाही. पोटरी बारीक झालेली असते, सकाळी पहिली पावलं लाकडी पडतात, संध्याकाळी घोटा सुजतो. हे अपेक्षित आहे. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही येत-जात राहते. आदल्या दिवशीच्या व्यायामाची सूज दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली तर मात्रा बरोबर. उतरली नाही तर एक पायरी मागे या.

आधी चाल सुधारायची. लंगडण्याची सवय लागली तर ती गुडघा-कंबरेपर्यंत जाते, तेव्हा कुबडी लाजेखातर लवकर टाकू नका. मग घोटा पुढे किती वाकतो ते मिळवायचं. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं सर्वांत जास्त अंतर मोजपट्टीने मोजा. दोन्ही पायांचं मोजून वहीत लिहा. प्रगतीचा याहून स्वस्त पुरावा नाही. फरक एक-दोन सेंटिमीटरच्या आत आणायचा.

ताकदीचा क्रम असा. सुरुवातीला पावलाची बाहेरची कड भिंतीला लावून, न हलवता, बाहेर दाबायचं. पाच ते दहा सेकंद, दहा वेळा. ते दुखेनासं झालं की रबरी पट्टा. दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या, मग दोन्हींवर वर जाऊन एकावर खाली यायचं, मग पूर्ण एका पायावर. वीस-पंचवीस सलग, दुसऱ्या पायाइतक्या उंचीच्या, हे लक्ष्य. मांडी आणि कुल्ह्याचे स्नायूही विसरू नका. कुल्हा कच्चा असला की पाऊल कुठे पडतं यावर ताबा राहत नाही.

आणि तोल. सुरुवातीला उल्लेखलेलं दुसरं कारण इथेच दुरुस्त होतं. हाताशी टेबल ठेवून एका पायावर ३० सेकंद, मग डोके डावी-उजवीकडे फिरवत, मग डोळे मिटून, मग उशीवर, मग उशीवर उभं राहून चेंडू झेलत. यात घाम येत नाही म्हणून लोक हेच सोडून देतात. मला विचाराल तर बाकी एखादा व्यायाम चुकला तरी चालेल, हा नको. रोज पाच-दहा मिनिटं, आणि तीही महिनोन्‌महिने.

कामावर परतणं कामावर अवलंबून. बैठं काम, पाय वर ठेवायची सोय असेल तर, दोन-तीन आठवड्यांनी जमतं. दिवसभर उभं राहायचं असेल तर सहा ते आठ आठवडे, आणि शिड्या चढायचं, ओझं वाहायचं काम असेल तर तीन महिने किंवा जास्त. गाडी चालवण्यासाठी तारीख बघू नका, क्षमता बघा. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर बूट निघालेला हवा, गुंगी आणणारी गोळी चालू नसावी, आणि न कचरता जोरात ब्रेक दाबता यायला हवा. बहुतेकांना हे सहा ते नऊ आठवड्यांच्या आसपास जमतं. विम्याच्या अटीही पाहून घ्या.

## धावणं आणि खेळ

साधारण तीन महिन्यांनी सरळ रेषेत धावणं सुरू होतं, पण तारीख आली म्हणून नाही. अर्धा तास भरभर चालून सूज येत नाही, एका पायावर टाच उचलणं जमतं, जागच्या जागी दोन्ही पायांवर उड्या दुखत नाहीत, हे झालेलं हवं. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, सपाट जमिनीवर, एक दिवसाआड. त्यानंतर वेग, मग वळणं, मग अचानक थांबणं, आणि सर्वांत शेवटी समोर दुसरा खेळाडू असताना दिशा बदलणं. घोटा मुरगळतो तो या शेवटच्या प्रकारात, कारण तिथे लक्ष पायाकडे नसतं. सराव करतानाही म्हणून नजर पायावर ठेवू नका.

मैदानी खेळात परतायला बहुतेकांना चार ते सहा महिने लागतात. एका पायावरची लांब उडी, तीन सलग उड्या आणि आडव्या उड्या दोन्ही पायांवर मोजा. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्के हवा. हे आकडे जुळूनही मनात धास्ती असेल तर ती गंभीरपणे घ्या. कचरत खेळणारा माणूस पाय चुकीचा टाकतो. निदान पहिला हंगाम ब्रेस किंवा टेप वापरणं शहाणपणाचं. त्याने स्नायू ‘आळशी होतात’ ही भीती, व्यायाम चालू असेल तर, बाळगायचं कारण नाही.

सहा महिन्यांनंतरही घोटा निसटत असेल किंवा आत दुखत असेल, तर ‘वेळ लागतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. सर्जनकडे जाऊन नेमकं विचारा: हाताने तपासल्यावर सांधा घट्ट लागतो का? घट्ट लागत असेल आणि तरी निसटत असेल तर तोलाचा आणि पेरोनियल स्नायूंचा सराव पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्यायचा. सैल लागत असेल तर टाचेचा आकार, सगळ्या सांध्यांचा सैलपणा आणि पेरोनियल दोऱ्या पुन्हा तपासून घ्यायच्या, आणि दुखणंच मुख्य असेल तर कूर्चेसाठी नवा एमआरआय. जाताना ऑपरेशनची सविस्तर नोंद बरोबर न्या: कुठे किती अँकर बसवले, फीत घातली का, कूर्चा कशी दिसली. ती घरी जाण्याआधीच रुग्णालयाकडून मागून ठेवा, नंतर शोधायला फार फिरावं लागतं.